हिवराचं शिजलेलं बी

आपा, आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. ते बी मी शिजवलं होतं. होळीनंतर तू दिलेलं हिवराचं बी उगवलं नाही, कारण ते मेलेलं होतं. आणि ते मेलेलं आहे हे मला वाफ्यात टाकायच्या आधीच माहीत होतं. तू पाच महिने विचारत राहिलीस आणि मी पाच महिने "अजून नाही" म्हणत राहिले.

झालं लिहून. तोंडानं बोलायला हवं होतं तेव्हा बोलले नाही.

तू जाऊन आज सत्तेचाळीस दिवस झाले. पहिले आठ दिवस लोक माझ्याशी बोलले. "जोडीदारीण गेली हो बाई तुमची", "आता नर्सरी चालवसान का बंद करसान?" मग सोयाबीन काढणीला आलं आणि जो तो आपल्या कामाला लागला. त्यात त्यांची चूक नाही. रुबिना तुझी लेक, तिला लोक भेटायला येतात. मी कोण? ना बहीण, ना जाऊ, ना तुझ्या मोहल्ल्यातली, ना तू आमच्या वस्तीतली. बारा वर्षं एका शेडनेटखाली पिशव्या भरणाऱ्या बाईच्या दुःखाला कुठलं नातं लागत नाही, म्हणून त्याला भेटायलाही कोणी येत नाही. सकाळी सातला मी दार उघडते, झारी भरते, आणि साडेसातच्या सुमारास लक्षात येतं की संध्याकाळपर्यंत आपल्याशी कोणी बोलणार नाही. रोपं घेणारा ठेकेदार फोन करतो, पण त्याला मी बोलणं म्हणत नाही.

आपली ओळख भांडणातून झाली. बीटी कापूस आपल्याकडे नवा होता. आमच्या शेताच्या कडेचा, धुऱ्यावरचा हिवर माझ्या सासऱ्यांच्याही आधीचा, छत्रीसारखा पसरलेला. हे आणि माझे दीर गौतमभाऊजी, दोघे भाऊ तो तोडायचं नुसतं बोलत होते; कुऱ्हाड घ्यायची हिंमत कोणाची होत नव्हती. मग सावली मी मोजली. दुपारी तीन वाजता काठी घेऊन चालले आणि दाखवलं, कपाशीच्या सहा ओळी सावलीत येतात. सहा ओळींना बोंडं कमी. मी म्हणाले, तोडा.

तू बकऱ्या घेऊन आलीस तेव्हा झाड आडवं पडलेलं होतं. वैशाखातले दिवस, फांद्यांवर शेंगा पिकून तपकिरी झालेल्या. मी तुला नावानं ओळखत होते, बोललेली नव्हते. तू विचारलंस, "कोनं तोडलं?"

"आमीच. सावली पडे पऱ्हाटीवर."

"सावली पडे म्हून झाड तोडलं? मंग उद्या घरधन्याची सावली पडंन, तं त्यालेबी तोडशीन का व?"

मजूर हसले. हेसुद्धा हसले. मी हसले नाही. मग तू त्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांत शिरलीस आणि संध्याकाळपर्यंत शेंगा तोडत बसलीस. काट्यांनी हात भरले तुझे. अर्ध्या शेंगा बकऱ्यांना टाकल्यास, अर्ध्या ओढणीत बांधून नेल्यास. मी धुऱ्यावर बसून भाकर खात तुला बघत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई रिकामी आहे.

खरं बोलायचं ठरवलं आहे, तर हेही लिहिते. पहिली काही वर्षं माझीच बाजू बरोबर निघाली. सहा ओळी भरून आल्या. बोंडअळी नाही, फवारणी कमी. तुझ्यासमोरून कापसाची गाठोडी घेऊन जाताना मी मुद्दाम हळू चालायची. नंतर चित्र बदललं ते एका दिवसात नाही. आधी रस शोषणारे किडे आले, मग फवारण्या वाढल्या. फवारलेल्या रानात बकऱ्या घालायच्या नाहीत म्हणून तुझे चराईचे रस्ते बंद झाले. इतर लोकांनीही आमचं बघून धुरे साफ केले. बाभळी, हिवर, बोरी गेल्या. तुझ्या तीस बकऱ्यांच्या सहा उरल्या. आणि शेवटी गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत सडका, चिकटलेला कापूस, नुसती कवडी. त्या वर्षी मी वावरातून चालत गेले आणि एकेक बोंड फोडत गेले. त्या सहा ओळींपर्यंत पोचले, तिथलीही फोडली. तिथेही कवडीच होती.

तोपर्यंत आपली नर्सरी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. बचत गटाच्या दहा बायांनी सुरू केली, दोन वर्षांत आठ गळाल्या. राहिल्या त्या दोन: मी, कारण हे गेल्यावर मला दिवस घालवायला काम हवं होतं, आणि तू, कारण तुला बिया कळत होत्या. सरकारी लागवडीला रोपं पुरवायची, पण झाडाचं बी म्हणजे कापसाचं बी नव्हे. कापसाचं पाकीट फोडा, मातीत टोबा, पाचव्या दिवशी सरळ ओळीनं वर. मला तेच आवडायचं. झाडाचं बी टोबलं की महिना जातो, दोन जातात, काही होत नाही. आत जीव असतो, पण कवच पाणी आत घेत नाही. ते कवच कसं उघडायचं हे प्रत्येक झाडाचं वेगळं. सागाचं बी रात्री भिजवायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, असं आठ-आठ दिवस. बोराची आठळी अडकित्त्यानं फोडायची, आतला दाणा न दुखावता. रिठ्याचं बी खरखरीत फरशीवर घासायचं. आणि बाभळीचं, हिवराचं काम तू बकऱ्यांकडून करून घ्यायचीस. संध्याकाळी शेंगा चारायच्या, सकाळी कोठा झाडून बिया वेचायच्या. बकरी शेंग पचवते, बी टाकून देते, आणि तिच्या पोटातून आलेलं बी लवकर फुटतं.

यावर आपण बारा वर्षं भांडलो. मी म्हणायचे, बकरीचा काय भरवसा, किती बी देईल, कधी देईल? तू म्हणायचीस, "तुह्या गॅसचा काय भरवसा?"

माझी पद्धत गरम पाण्याची. ती शिकवलीही तूच. पाण्याला उकळी आली की भांडं खाली उतरवायचं, थोडं निवू द्यायचं, मग बी टाकायचं आणि दिवसभर तसंच ठेवायचं. फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेल्याला पुन्हा पाणी. निवण्याची वेळ मोजायला तुझ्याकडे घड्याळ नव्हतं. तू भांडं उतरवून तीन वेळा आयतुल कुर्सी म्हणायचीस आणि मग बी सोडायचीस. मला ते येत नाही, मी त्रिशरण-पंचशील म्हणायची. एकदा तू हट्टानं दोन भांडी शेजारी ठेवलीस, एक तुझं, एक माझं, कोणाचं बी जास्त फुगतं बघायला. दोन्ही सारखीच फुगली. "पाह्य," तू म्हणालीस, "पान्याले काई फरक पडत नाई." नर्सरीत गरम पाण्याचं बी करताना मी कधी घड्याळ बघितलं नाही. पाणी उतरवायचं, म्हणायचं, बी सोडायचं. म्हटल्याशिवाय बी सोडायचं नाही, एवढाच नियम.

आणखी एक भांडण होतं, ते मिटलंच नाही. मला ठेकेदाराला सगळी रोपं एका उंचीची द्यावी लागत. तुझ्या बकरीचं बी निम्मं आज उगवायचं, पाव पुढच्या महिन्यात, उरलेलं पुढच्या वर्षी. मी कावायचे. तू म्हणायचीस, "मंगल, झाड बावळट नाई. सगळे पोट्टे एकाच गाडीत बशीवत नाई ते. गाडी उलटली तं?" मी म्हणायचे, "मले गाडी भरून पाठवाची हाये, आपा." तू म्हणायचीस, "तुले कवाबी घाईच."

त्या तोडलेल्या हिवराचं बी तू पेरलं नव्हतंस. राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ते डब्यात ठेवलं होतंस. मी एकदा विचारलं, पेरत का नाहीस? तू म्हणालीस, "त्याची जागा तुमच्या धुऱ्यावर हाये. तुहा दीर लावू देते का?" भाऊजी लावू देत नव्हते. सावली पडेल. मीही त्यांना कधी म्हटलं नाही की लावू द्या. तुझी किडनी गेल्याचं कळलं, आणि आपल्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात किडनी का जाते हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ते कळल्यावर भाऊजी स्वतः नर्सरीत आले. उभ्या उभ्या म्हणाले, "वहिनी, आपाले सांगा, धुऱ्यावर लावा म्हना थो हिवर. आता कायची पऱ्हाटी आन कायची सावली." आणि गेले.

तू डबा घेऊन आलीस तेव्हा होळी होऊन गेली होती. पायांवर सूज होती, चालायला वेळ लागत होता. तू बी माझ्या ओंजळीत ओतलंस. मी मोजलं, बावन्न. तू म्हणालीस, "औंदा मले बकऱ्यांच्या मागं फिरता येत नाई, आन शेंगबी नाई राह्यली. तूच कर तुह्या पान्यानं. पाच-सहा आले तं पुरे. एक लावू धुऱ्यावर. मी पाहीन अन मंग जाईन."

"कुठं जातेस?" मी म्हणाले. "मंगळवारी खामगावले जायाचं हाये तुले."

अशी मी बोलते. तुला सवय होती.

मंगळवारी तुला डायलिसिससाठी नेलं. मी इथे पाणी ठेवलं. बी भांड्यापाशी वाटीत होतं. पाण्याला उकळी येत होती आणि ठेकेदाराचा फोन आला. रस्त्याकडेच्या लागवडीला आठशे रोपं हवी होती आणि त्याचं म्हणणं होतं की आपली रोपं बुटकी आहेत. मी भांडत होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं मी बी पाण्यात टाकलं. भांडं उतरवलेलं नव्हतं. गॅस चालू होता. म्हणायचं तर सोडाच. मी बोलत बोलत बाहेर गेले, काठी घेऊन त्याच्यासाठी रोपं मोजली, इतके इंच, तितके इंच. आत आले तेव्हा पाणी तपकिरी झालं होतं आणि खदखदत होतं. बिया फुगून वर-खाली होत होत्या. पाच-सहांची सालं फाटली होती. एक काढून दोन बोटांत दाबली. हरभऱ्याच्या उसळीसारखी चेपली.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो ठेकेदारावर काढला. मग मी त्या बावन्न बिया थंड पाण्यात धुतल्या आणि दारापासच्या वाफ्यात पेरल्या. ओळीत. प्रत्येकीवर माती. पाटी लावली, हिवर. मेलेलं बी कोणी पेरत नाही, आपा. मी पेरलं. संध्याकाळी तू गाडीतून फोन केलास. आवाज बारीक झाला होता. "टाकलं का व बी?" मी म्हणाले, "टाकलं." ते खरं होतं.

पुढच्या आठवड्यात सांगेन असं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात तुला उलट्या होत होत्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात तू जरा बरी होतीस, मग बऱ्या दिवशी कशाला सांगायचं. असं करत करत सांगायची वेळ गेली, आणि एकदा वेळ गेली की मग सांगणं म्हणजे बी शिजवल्याचं सांगणं राहत नाही, लपवल्याचं सांगणं होतं. ते जड. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, गाडीतून नाहीतर दवाखान्याच्या बाकावरून, तू विचारायचीस, "आली का व हिवराची कोंबं?"

"अजून नाई, आपा."

"दम धर. हिवर हाये थो."

तू मला धीर द्यायचीस. शिजलेल्या बियांसाठी.

एप्रिलमध्ये मी डोंगराच्या पायथ्याला गेले होते, तुला सांगितलं नाही. तिथे हिवराची झाडं आहेत. मनात होतं, त्यांच्या शेंगा आणाव्या, रोपं करावी आणि म्हणावं, हे बघ, आलं. दोन शेंगा तोडल्याही. पिकल्या नव्हत्या, पण कारण ते नव्हतं; महिन्यानं पुन्हा जाता आलं असतं. गेले नाही. मी फार भली आहे म्हणून नाही. तू पान बघून ओळखशील अशी भीती वाटली असावी. दोन हिवरांच्या पानात काय फरक असतो, ते मला आजही माहीत नाही. तुला माहीत असतं असं मात्र मला नेहमी वाटायचं.

तू गेलीस त्या दिवशी मी बायांमध्ये बसले होते. तुला न्यायला माणसं आली, दार रिकामं झालं. आतल्या बाया दुआ करत होत्या. मला शब्द येत नव्हते. तीन वेळा म्हणायची ती आयत मी बारा वर्षं ऐकली, पण चाल तेवढी ओळखीची, शब्द एकही नाही. मनात माझं त्रिशरण सुरू झालं, मध्येच थांबलं. कोणीतरी मला चहा दिला. सगळ्यांच्या ओढण्या डोक्यावर, माझा पदर. कोणी काही वावगं बोललं नाही, उलट जागा करून दिली. तरी मी अर्ध्या तासानं उठले. नर्सरीत आले आणि सवयीनं झारी भरून हिवराच्या वाफ्याला पाणी घातलं. मग लक्षात आलं की आता ज्याच्यासाठी हे सोंग होतं ते माणूसच नाही. तेव्हा बसले मी खाली, चिखलात. किती वेळ, माहीत नाही. साडी धुवायला टाकावी लागली.

तुझं चाळिसावं झालं आणि दोन दिवसांनी रुबिना आली. हातात तोच डबा. मला वाटलं, रिकामा डबा परत द्यायला आली असेल. वेड्यासारखं, डबा तुझाच होता. तिनं झाकण उघडलं. आत राख, पाला, आणि बी.

"अम्मीनं अर्धंच देल्लं होतं तुमाले, मावशी. अर्धं घरीच ठेवलं होतं. म्हने, मंगल घाईची हाये, सगळं एकदम नोको देऊ."

मी डब्याला हात लावला नाही. मला आधी बोलणं भाग होतं. मी रुबिनाला म्हणाले, "बस. आधीचं बी मी शिजवलं, रुबिना. उगवलं नाही असं तुझ्या अम्मीला सांगत राहिले. खोटं होतं ते." सगळं सांगितलं. फोन, गॅस, वाफा, पाटी. ती ऐकत होती. मला वाटलं उठून जाईल. तुझी लेक उठली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली:

"अम्मीले माहीत होतं ना."

"काय माहीत होतं?"

"तुमी बजारले गेल्त्या एक डाव, पिशव्या आनाले. होळी होऊन आठ-धा दिस झाले असतीन. अम्मीनं मले इथं आनाले लावलं. वाफा उकरला तिनं, एक बी काढलं, नखानं दाबलं. पीठ निघालं. वास घेतला. मले म्हने, उकळलं वं मंगलनं. पुना माती सारखी केली अन घरी आलो."

मी विचारलं, मग मला का नाही विचारलं?

"म्याबी तेच म्हनलं. म्हनलं, अम्मी, मावशीले विचार ना सरळ. तं म्हने, विचारूनच तं राह्यली ना मी. दर खेपेले."

आपा, तेव्हापासून मी तुझ्यावर रागावलेली आहे. हे लिहायला घेतलं ते खरं तर यासाठी. तू मला क्षमा केली असशील, त्याबद्दल मला शंका नाही. बियाची तर पहिल्याच दिवशी केली असशील. आणि मी तुझे आभार मानते, कारण या बारा वर्षांत मी जे जे शिकले ते बहुतेक तुझं आहे. पण तू पाच महिने मंगळवार-शुक्रवार दार ठोठावत राहिलीस आणि दार आतून उघडायची वाट बघत राहिलीस. कोणासाठी? माझ्यासाठी? तू मला ओळखत होतीस ना? मला कधी आपणहून "चुकलं" म्हणताना बघितलंस? झाड तोडलं तेव्हाही मी म्हटलं नाही, गुलाबी अळी आली तेव्हाही नाही. त्या सहा ओळींत सडकी बोंडं फोडून मी तुझ्याकडेच आले होते, तुला आठवत असेल. आणि तुझ्याशी बोलले ते पिशव्यांच्या मापाबद्दल. इतकं सगळं माहीत असून तू थांबलीस. सागाच्या बियाला ऊन-पाणी देत होतीस, रिठ्याला फरशीवर घासत होतीस, बोराला अडकित्ता लावत होतीस. मला मात्र नुसती वाट. एकदा दवाखान्याच्या बाकावर म्हणायचं होतंस, "काय व मंगल, बी उकळलं ना तू?" मी भांडले असते. तुझ्यावरच उलटले असते, ठेकेदाराचं नाव घेतलं असतं. मग बोलले असते. आपल्याकडे पाच महिने होते. ते "अजून नाही" आणि "दम धर" यात गेले. यात माझा वाटा मोठा आहे, मान्य. पण थोडा तुझाही आहे, आणि तो मी तुला माफ केलेला नाही. अजून.

रुबिनाला मी हे सांगितलं नाही. तिला म्हणाले, डबा तुझ्याकडेच ठेव, मला आज वीसच दे.

"सगळं न्या ना, मावशी. तुमच्यासाठीच हाये."

"नको. माझा भरवसा नाही."

ती हसली. तुझ्यासारखी हसत नाही ती, तोंडावर हात ठेवते.

वीस बिया तिथेच केल्या, गरम पाण्याशिवाय. नेलकटर काढलं आणि एकेका बियाच्या डोळ्याच्या उलट बाजूला कवचाचा जरासा टवका उडवला, आतलं पांढरं दिसेपर्यंत, त्याच्या पुढे नाही. ठेकेदाराला माल द्यायचा असता तर इतका वेळ मी कधी लावला नसता. दोन बिया हातातून उडाल्या, त्या रुबिनानं शोधून दिल्या. रुबिनाच्या मागोमाग आलेली तुझी एक बकरी माझा पदर चावत होती. दिवसभर भिजवल्या, संध्याकाळी वीसच्या वीस फुगलेल्या. मी दारापासचा जुना वाफा उकरून माती बदलली. पाटी तीच ठेवली, कारण चांगली पाटी आहे.

निघताना रुबिना म्हणाली, "आले तं सांगसान."

मी म्हणाले, "नाही आले तरी सांगेन. आणि मी सांगितलं नाही, तर सरळ विचार. गोल फिरू नको. मी चिडले तरी विचार."

"तुमी चिडसानच."

"हो. तरी विचार."

भाऊजींनी धुऱ्यावर खड्डा खणून ठेवला आहे. जुन्या खुंटापासून दोन हात सोडून. मला न विचारता. खड्ड्यापाशी सावली मोजायला कोणी काठी आणली नाही.

आज पाचवा दिवस आहे, आपा. सकाळी माती बाजूला करून बघितली. एकही आलेलं नाही. या वेळी हे खरं आहे.